कात्री, आरसा आणि ‘मी नाही केलं’

चार वर्षांच्या मुलाला सलूनमध्ये खुर्चीच्या हातांवर टाकलेल्या फळीवर बसवलं की ते आकांत करतं. पाण्याचा फवारा नको, मशीनची घरघर नको, मानेवर पडलेले केस तर मुळीच नकोत. तेच मूल एखाद्या दुपारी घरातली कात्री पळवतं, पलंगामागे जाऊन बसतं आणि कपाळावरची बट बुंध्यापासून उडवतं. हूं नाही की चूं नाही. घरात जरा जास्तच शांतता आहे हे आईच्या ध्यानात येईपर्यंत कार्यभाग उरकलेला असतो. केसांचा पुंजका उशीखाली सापडतो. ‘‘हे कुणी केलं?’’ या प्रश्नाला उत्तर मिळतं, ‘‘मी नाही केलं.’’ कात्री हातातच असते.

वाघोलीत नगर रस्त्यालगतच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आईबापांना असा प्रताप ऐकून नवल वाटणार नाही. २०२१ मध्ये हे गाव पुणे महापालिकेत आलं, पण शेतांच्या जागी इमारती त्याआधीपासूनच उभ्या राहत होत्या. आज इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये आईबाप आणि एक-दोन मुलं एवढंच बिऱ्हाड असतं. वाड्यात मुलावर नजर ठेवायला आजी, काकू, शेजारीण अशी चार माणसं असायची. इथे बेडरूमचं दार लोटलं की मूल आणि कात्री यांच्यामध्ये कुणी उरत नाही.

यात दोन कोडी आहेत. पहिलं सरळ आहे : मूल स्वतःचे केस कापतं तरी का? दुसरं मला जास्त रंजक वाटतं. ‘केस कापू नकोस’ अशी ताकीद बहुतेक घरांत कुणी दिलेलीच नसते, कारण असं काही होईल हे कुणाच्या मनातही आलेलं नसतं. मग नियमच नव्हता, तर लपवाछपवी कशासाठी?

हात आधी शिकतो

कात्री चालवणं दिसतं तितकं सोपं नाही. अंगठा एकीकडे आणि बाकीची बोटं दुसरीकडे अशी पंजाची वाटणी करावी लागते. मूठ मिटणं तान्ह्या बाळालाही जमतं, पण मिटलेली कात्री दर वेळी पुन्हा उघडायची, हे निराळ्या स्नायूंचं काम आहे. शिवाय एक हात कापत असताना दुसऱ्याने कागद धरायचा आणि फिरवत राहायचा. अडीच-तीन वर्षांचं मूल कागदाच्या कडेला नुसते कचाकच चिरे पाडतं. तीन-चारच्या दरम्यान कात्री पुढे सरकवत नेता येते, मग रेघेवरून कापणं जमू लागतं, आणि पाचाच्या आसपास गोल. म्हणजे कात्री नुकतीच हातात बसू लागण्याचं वय आणि केसांवर ती चालवण्याचं वय एकच आहे.

या कामाला केसांइतका सोयीचा माल दुसरा नाही. रेघ सांभाळायची नाही, कागद फिरवायचा नाही. चिमूटभर केस ओढायचे आणि कच्! आवाज येतो, बोटांना कुरकुरीत विरोध जाणवतो आणि हातात काहीतरी उरतं. आपण काही केलं आणि जगात लगेच फरक पडला, याचं सुख लहान मुलांना फार. कागद संपला की आधी पडद्याची झालर, मग बाहुलीचे केस, मग स्वतःचे, असा हा प्रवास होतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेली. माँटेसरींच्या विचाराला त्यांनी गावरान रूप दिलं आणि महागड्या साधनांच्या जागी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू आणल्या. त्या विचाराच्या मुळाशी एक साधं निरीक्षण होतं : हात तयार झाला की तो काम मागतो, आणि काम दिलं नाही तर स्वतः शोधतो. पलंगामागचं मूल नेमकं हेच करत असतं. त्याला ‘विध्वंसक’ म्हणणं मला पटत नाही.

हात असा झपाट्याने शिकत असताना थांबण्याची शक्ती मात्र सावकाश येते. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो आवेग आवरतो आणि पुढचा विचार करतो, तो पार विशी ओलांडेपर्यंत घडत राहतो. अलेक्सांद्र लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर एक सोपा प्रयोग केला. लहान मुलांच्या हातात दाबायचा रबरी गोळा दिला. ‘दाब’ म्हटलं की मुलं दाबत. गंमत अशी की अगदी लहानग्यांना ‘दाबू नको’ म्हटलं, तरी हात दाबूनच मोकळा होई. या वयात शब्दाने हात सुरू होतो, पण त्याच शब्दात थांबवण्याची ताकद अजून आलेली नसते. ‘कात्रीला हात लावू नको हं’ असं सांगून ऑफिसच्या कॉलला बसणाऱ्या बाबांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. त्या वाक्यातून मुलाच्या डोक्यात ठळकपणे काय उतरलं असेल, तर ‘कात्री’.

कपाळावरचीच बट का?

असे कापलेले केस बहुतेक वेळा पुढचेच असतात. मागचे दिसत नाहीत, हाताला नीट लागत नाहीत. पुढचे डोळ्यांवर येतात, टोचतात आणि आरशात दिसतात.

आरशातलं ते मूल म्हणजे आपणच, हे मुळात कधी कळतं? १९७२ साली ब्यूला ॲम्स्टरडॅम या संशोधिकेने बाळांच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशापुढे ठेवलं. वर्षाच्या आतबाहेरची बाळं आरशातल्या ‘दुसऱ्या बाळाशी’ खेळायला गेली. वीस ते चोवीस महिन्यांच्या बऱ्याच मुलांनी मात्र स्वतःच्या नाकाला हात लावला. एकदा हे उमगलं की आपलं रूप ही बदलता येण्यासारखी वस्तू होते. टिकली लावता येते, बाबांचा चष्मा घालता येतो आणि भांग मोडता येतो. केस कापणं त्याच्या एकच पायरी पुढे आहे.

पण आरशात बघून कापणं फसवं असतं. आरसा डावं-उजवं उलटं करतो असं आपण म्हणतो. खरं तर तो पुढचं-मागचं उलटं करतो. तुम्ही कात्री आरशाकडे नेलीत की आरशातली कात्री तुमच्याकडे येते. दाढी करणाऱ्याला आणि कुंकू लावणारीला सवयीने हे साधतं. चार वर्षांच्या हाताला साधत नाही. कात्री ठरवल्यापेक्षा कपाळाच्या जवळ जाते.

दुसरी फसगत ओढण्याने होते. बट ताणून धरून भुवईशी कापली, की सोडल्यावर ती वर उडते आणि कपाळाच्या मध्यावर जाऊन उभी राहते. केस ओले असतील तर आणखी पंचाईत, कारण ओला केस ताणला की मूळ लांबीच्या तीस टक्क्यांपर्यंत लांबू शकतो आणि वाळताना परत आखडतो. मग दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी मूल आणखी थोडं कापतं, मग आणखी थोडं. ‘थोडेसेच कापले’ असं ते सांगतं तेव्हा ते खोटं बोलत असेलच असं नाही.

डावखुऱ्या मुलाचं काम सगळ्यांत बेंगरूळ दिसतं. नेहमीची कात्री उजव्या हाताची असते. उजव्या हातात तिची पाती बोटांच्या दाबाने एकमेकांना चिकटून चालतात. डाव्या हातात तोच दाब त्यांना फाकवतो, केस कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो आणि टोकं चावल्यासारखी होतात. मुलाचे केस असे कुरतडलेले दिसले, तर ते डावखुरं आहे का हेही एकदा पाहावं.

कापलेलं दुखत का नाही?

ओढले तर केस दुखतात आणि कापले तर नाही. मुलाला ही गोष्ट चमत्कारासारखी वाटते. तिचं कारण त्वचेखाली आहे. प्रत्येक केस एका बारीक पिशवीसारख्या मुळातून उगवतो. तिथल्या जिवंत पेशी सारख्या वाढत असतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात, कडक होतात, मरतात आणि मागून येणाऱ्या पेशींच्या रेट्याने वर ढकलल्या जातात. सोऱ्यातून शेव पडावी तसा केस डोक्यातून बाहेर येतो. यंत्र आत, दिसतो तो माल बाहेर. मुळाभोवती नसांचं जाळं असतं, म्हणून ओढलं की कळ येते. बाहेरच्या केसात ना नस, ना रक्त.

जावळाविषयीचा एक जुना समजही इथेच निकालात निघतो. जावळ काढलं की पुढचे केस दाट येतात, असं घरोघरी ऐकायला मिळतं. पण शेवेचं टोक तोडलं म्हणून सोऱ्याची चकती बदलत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये दाढीचे केस मोजूनमापून पाहिले. वस्तऱ्याने ना ते जाड झाले, ना त्यांच्या वाढीचा वेग बदलला. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि कापलेल्याचं बोथट, म्हणून हाताला खरखरीत लागतं, इतकंच. आणि तान्हेपणीचे मऊ केस गळून त्या जागी जाड केस येण्याचं वय जावळाच्या वयाशी जुळतं, त्यामुळे श्रेय फुकट वस्तऱ्याला मिळतं.

डोक्यावर अशी सुमारे एक लाख मुळं असतात. ती जन्माआधीच तयार झालेली असतात, नंतर नवी घडत नाहीत. कात्रीचा त्यांना धक्काही लागत नाही.

दार लावलं ते कशासाठी?

आता दुसरं कोडं. केस कापणं हा गुन्हा आहे असं मुलाच्या अनुभवात कुठे असतं? जावळ काढताना मामाच्या मांडीवर बसवून चारचौघांत कौतुक झालेलं असतं. सलूनमधून आलं की ‘किती छान दिसतोय’ असं ऐकलेलं असतं. मोठी माणसं केस कापतात आणि सगळे खूश होतात, इतकंच त्याने पाहिलेलं असतं.

माझ्या मते बहुतेक वेळा दार लावताना मुलाच्या मनात गुपित नसतंच. असलीच तर कात्रीची चोरी असते, कारण बंदी कात्रीवर असते. मूल नुसतं रमलेलं असतं. गुपित जन्माला येतं ते केस कापून झाल्यावर, पुंजका हातात आल्यावर. ‘गुपचूप कापले’ हे आपण मागाहून, उशीखालचे केस पाहून ठरवतो.

त्या क्षणी दोन प्रकारची मुलं दिसतात. १९९३ साली अमेरिकेत दोन वर्षांच्या मुलांना खेळायला एक बाहुली दिली होती, जिचा पाय मुद्दाम असा बसवला होता की खेळताना निखळावा. काही मुलं लगेच पाय जोडायला लागली, मोठ्यांना सांगायला गेली. काहींनी नजर चुकवली, ती मोठ्यांपासून दूर राहिली. संशोधकांनी एकांना सावरणारे म्हटलं, दुसऱ्यांना टाळणारे. केसांच्या बाबतीतही असंच होतं. एखादं मूल फेव्हिकॉलची बाटली घेऊन आईकडे येतं, ‘चिकटवून दे’ म्हणतं. दुसरं टोपी घालून जेवायला बसतं. टोपीवाल्याला पश्चात्ताप नाही असं समजू नये. बिघडलंय हे दोघांनाही कळलेलं असतं, रीत तेवढी वेगळी.

फेव्हिकॉलवाल्याचं मला विशेष वाटतं. काही गोष्टी उलट फिरवता येत नाहीत, हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नसतं. ठोकळ्यांचा मनोरा पडला की पुन्हा रचता येतो, मातीचा हत्ती मोडला की पुन्हा करता येतो. त्याच्या जगातल्या बहुतेक वस्तू अशाच आहेत. केस त्यांत बसत नाहीत, आणि हे कळायला एकदा कापून पाहण्यावाचून सोपा मार्ग नाही.

लपवायला येतं, पण नीट येत नाही

काही लपवायचं तर आधी एक मोठी गोष्ट समजावी लागते : मला जे ठाऊक आहे ते आईला ठाऊक असेलच असं नाही. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे हे आपल्याला माहीत, म्हणजे मॅक्सीलाही माहीत. चार-पाचच्या सुमारास उत्तर बदलतं. २००५ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मुलांची अशाच धर्तीची परीक्षा घेतली गेली, तेव्हा हा बदल सगळीकडे साधारण पाच वर्षांच्या आसपासच होताना दिसला. दुसऱ्याच्या मनात वेगळं काही असू शकतं, ही समज मराठी घरातही त्याच वयात येते.

म्हणून अडीच वर्षांचं मूल कापलेले केस तिथेच टाकून उठतं आणि साडेचारचं ते उशीखाली सारतं. हे दुसरं मूल बिघडलेलं नाही, ते पुढे गेलेलं आहे. आईच्या डोक्यात चुकीचा समज निर्माण करता येतो, हा शोध त्याला लागलाय. पण शोध अर्धाच. पुंजका लपवला की काम झालं, असं त्याला वाटतं. कपाळावरचं टक्कल त्याला स्वतःला दिसत नाही, त्यामुळे ते इतरांना दिसतं हे निसटतं.

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी खोटं बोलण्याच्या या कच्चेपणाचा अभ्यास केला. मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, ‘वळून बघू नको’ सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. बहुतेक मुलं वळतातच. ‘पाहिलंस का?’ विचारलं तर अनेक जण नाही म्हणतात. मग पुढचा प्रश्न : ‘बरं, कोणतं खेळणं असेल ते?’ आणि ‘पाहिलं नाही’ म्हणणारी लहान मुलं बिनदिक्कत बरोबर नाव सांगून मोकळी होतात. खोटं एकदा सांगणं जमतं. ते पुढच्या वाक्यापर्यंत सांभाळायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. ‘मी नाही कापले, आणि जास्त नाही कापले’ हे आपल्या घरातलं वाक्य त्याच जातीचं.

लांडगा आणि टरफलं

अशा वेळी आपल्याकडे हमखास ‘लांडगा आला रे आला’ सांगितली जाते. कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर नेमकी हीच गोष्ट करून पाहिली. लांडग्याच्या गोष्टीने आणि नाक लांब होणाऱ्या पिनोकिओच्या गोष्टीने मुलांचं खोटं कमी झालं नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी शाबासकी दिली, या गोष्टीने मात्र कमी झालं. खोट्याची शिक्षा ऐकून मूल घाबरतं. कबुलीनंतर काय मिळतं हे ऐकून ते कबूल करतं. (वॉशिंग्टनची ती गोष्ट मात्र त्याच्या चरित्रकाराने रचलेली. खरेपणा शिकवायला खोटी गोष्ट कामी आली!) आपल्याकडे शेंगांच्या टरफलांची गोष्ट प्रत्येक शाळेत दर ऑगस्टला भाषणात येते. तिच्यात बाळ टिळक ठामपणे बोलतात खरे, पण कबुलीचा प्रसंग त्यात नाही. या कामाला ती उपयोगाची नाही.

तलवार आणि ली यांनीच पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांची तुलना केली होती. एका शाळेत चुकीला मार मिळे, दुसरीत नाही. माराच्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली आणि ते अधिक सफाईने निभावलं. तेव्हा केस हातात घेऊन ‘हे कुणी केलं?’ हा प्रश्न विचारूच नये. उत्तर समोर दिसतंय, प्रश्नाने फक्त खोटं बोलायची संधी मिळते. ‘तू केस कापलेस, कात्री इकडे दे’ एवढं पुरे.

चौकट : कात्री की आणखी काही?

डोक्यावर मोकळी जागा दिसली की ती कात्रीचीच असं गृहीत धरू नये.

* कापलेले केस : खुंट बोथट, एकाच उंचीचे, त्वचा स्वच्छ, पुंजका घरात कुठेतरी सापडतो.
* चाई : गोल, गुळगुळीत चकदा, खुंटही नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटल्याने होते.
* बुरशी : कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, तुटके केस. संसर्गजन्य. नुसतं मलम सहसा पुरत नाही, पोटात औषध लागतं.
* उपटलेले केस : वेड्यावाकड्या आकाराची जागा, वेगवेगळ्या लांबीचे केस. लहान वयात कधी अंगठा चोखण्यासोबतची सवय असते.

कापलेले सोडून बाकी सगळ्यांत डॉक्टरांना दाखवावं. मूल केस गिळत असेल तर लगेच; केस पचत नाही, त्याचा पोटात गोळा होऊ शकतो.

मग पुढे काय?

कात्री काढून घेणं हा उपाय तात्पुरता. टोकदार कात्री डोळ्याला आणि कानाला खरोखर धोक्याची आहे, आणि पाळण्यातल्या धाकट्याचे केस कापण्याचा बेत त्याहून. ती वरच्या कप्प्यात कुलपात हवी. पण सोबत बोथट टोकाची छोटी कात्री, जुने वर्तमानपत्र, कोथिंबिरीच्या काड्या, असं काही हाताला मिळायला हवं. ‘कापू नको’पेक्षा ‘ही कात्री कागदाची’ हे वाक्य त्या वयाच्या मेंदूला पेलतं.

बिघडलेली बट नीट करायला लगेच सगळं डोकं बारीक करून आणू नये. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. मुळापासून कापलेली बट भुवईपर्यंत यायला पाच-सहा महिने लागतील. तोवर कटिंगवाल्या काकांना बाजूचे केस थोडे तिरके उतरवायला सांगावं, भांग दुसऱ्या बाजूने पाडावा, हेअरबँड लावावा. गॅदरिंग त्याआधी आलं तर फोटोत तसेच दिसतील. बाहुलीचेही केस कापले असतील तर ते मात्र कधीच वाढणार नाहीत, तिच्या डोक्यात सोऱ्या नाही, हे मुलाला त्याच बैठकीत सांगून टाकावं. नाहीतर ते रोज सकाळी तिचं डोकं तपासत बसेल.